चिन्नोरची पिशवी आणि क्रॉफर्ड मार्केटची उधारी

रमजान तोंडावर आला की वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर, दुपारच्या विदर्भ एक्स्प्रेससाठी, भंडाऱ्याचे एक दुकानदार उभे दिसायचे. एका हातात रिकाम्या गोण्यांची घडी, दुसऱ्या हातात पाच किलो चिन्नोर तांदळाची पिशवी. गोण्या येताना भरून आणायच्या, चिन्नोर जाताना द्यायचा. वीस वर्षे हा नेम चालला. २०२० नंतर तो तुटला. २०२५ मध्ये, रमजानच्या पहिल्या आठवड्यात, ते पुन्हा त्याच फलाटावर दिसले. गोण्या होत्या, चिन्नोर होता, आणि बंडीच्या आतल्या खिशात एक पाकीट होते. पाकिटात ३१ हजार रुपये. हे पैसे ज्यांना द्यायचे ते गृहस्थ चार वर्षे आधीच वारले होते. आणि हे पैसे देणे आहेत, असा कागदाचा एक कपटाही कुठे नाही.

त्यांचे दुकान म्हणजे भंडाऱ्याच्या बाजारातली एक खोली. दर्शनी बाजूला बांगड्या, टिकल्या, रबरबँड, खेळणी. आत काचेच्या कपाटात अत्तराच्या बाटल्या, सुरमा, तसबीह, टोप्या, जानमाज. गिऱ्हाईक सगळ्या गावाचे. २०२५ मध्ये तर सणांची रांगच लागली होती: १३ मार्चला होळी, ३० मार्चला गुढीपाडवा आणि चंद्र दिसला तर दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला ईद. त्यामुळे मुंबईला न्यायच्या यादीत टोप्यांच्या खाली पिचकाऱ्या आणि पिचकाऱ्यांच्या खाली गुढीचे कापड.

शेजाऱ्यांच्या फर्माइशी वेगळ्या. पलीकडच्या घरातली सून घरी केक करून विकते. तिने सांगितले, "चाचा, केकचे साचे आणा, इथे मिळत नाहीत तसे." समोरच्या निवृत्त गुरुजींनी विचारले, "का जी, पाच वर्षांनी जाताय म्हणे? मग गुढीला जरीचं कापड आणा. मागचं आता विटलं." मागचे म्हणजे २०२० च्या मार्चमध्ये यांनीच आणलेले. त्या पाडव्याला टाळेबंदीचा पहिला दिवस होता.

हिशेबाला बसले की

ते २०२० साल या पाकिटाच्या मुळाशी आहे. त्या मार्चच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईहून ८६ हजारांचा माल उचलला. ३५ हजार रोख दिले, ५१ हजार उधार ठेवले. उधारीची रीत ठरलेली होती: ईद झाली की फेडायचे. सेठ कागद करत नसत. माल बांधून झाला की एवढेच म्हणत, "ईद के बाद." बाकी सगळे त्यांच्या डोक्यात.

पंचवीस मार्चला देशभर टाळेबंदी लागली. एक महिन्याने रमजान आला, ईद आली, दुकानाचे शटर खालीच होते. टोप्या गोणीतच राहिल्या. त्या वर्षी मशिदीत नमाजच नव्हती, नव्या कपड्यांची कोणाला पडली नव्हती. डिसेंबरात ओळखीच्या माणसाच्या हाती त्यांनी २० हजार पाठवले. उरले ३१. पुढच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, सेठ गेल्याचे गोंदियाच्या एका व्यापाऱ्याकडून कळले. सेठांचा नंबर लावून पाहिला, तो बंद होता. मग मुलीचे लग्न निघाले, मग दुकानाचे छप्पर. माल नागपूरच्या इतवारीतून येऊ लागला. थोडा महाग पडे, पण मुंबईच्या त्या गल्लीत तोंड दाखवायची वेळ येत नसे.

रमजानने मात्र ही गोष्ट विसरू दिली नाही. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोन्याइतकी, बचत किंवा व्यापारी माल वर्षभर असतो त्याने त्याचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा, याला जकात म्हणतात. बहुतेक घरांत हा हिशेब रमजानमध्ये होतो. दुकानदार असेल तर गल्ला, बँक, कपाटातला विक्रीचा माल, सगळे मांडायचे. आणि त्यातून आपल्या डोक्यावरचे देणे वजा करायचे. म्हणजे जकातीचा कागद लिहायला बसले की देण्याची ओळ लिहावीच लागते. चार रमजान ती ओळ त्याच जागी येत होती: मुंबई, ३१ हजार. वजाबाकी होत होती, पैसे जात नव्हते.

२०२५ मध्ये बायकोने ती ओळ पाहिली आणि म्हणाली, की या देण्याच्या नावावर चार वर्षे आपण गरिबांची जकात कमी दिली, आणि ज्यांचे देणे त्यांनाही दिले नाही. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

मुलगा चोवीस वर्षांचा. त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते: आता माल मोबाईलवर मागवता येतो, पैसे मोबाईलवर पाठवता येतात, नऊशे किलोमीटर जायचे कशाला? पण पाठवायचे कोणाला, हा प्रश्न राहत होता. बंद नंबरला पैसे जात नाहीत.

रोजा आणि रेल्वे

विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून निघते, तुमसर रोड, भंडारा रोड, नागपूर करत दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. प्रवासात रोजा न ठेवण्याची मुभा आहे. सुटलेला रोजा पुढे कधीतरी भरून काढायचा असतो. त्यांनी तरी ठेवला होता. घरात असतो तसाच रेल्वेत, फरक फक्त घड्याळाचा. वर्ध्याच्या आसपास सूर्य मावळला, तेव्हा खजूर आणि पाण्यावर रोजा सुटला. समोरच्या बाकावरच्या तिरोड्याच्या कुटुंबाने डब्यातून पोळी-भाजी काढली होती. त्यांनी थोडी थांबवून ठेवली आणि मग सगळ्यांनी मिळून खाल्ली.

सहरी इगतपुरीच्या आसपास झाली. बायकोने बांधून दिलेले पराठे आणि दही. त्या अंधारात एक हिशेब डोक्यात फिरत होता. घरून निघताना पाकिटाशिवाय आणखी ४४ हजार बरोबर घेतले होते, म्हणजे एकूण ७५ हजार. भाडे आणि हमालीला चार हजार बाजूला ठेवले, तर देणे पुरते फेडून मालाला राहतात ४०. तेवढ्यात होळी, पाडवा आणि ईद, तिन्ही सण भागत नाहीत. वीस हजार आत्ता दिले आणि अकरा पुढल्या वर्षी दिले तर? सेठ असते तर हो म्हणाले असते. सेठ नव्हते, हीच अडचण होती.

इंग्रजांचा बाजार, कापसाचा पैसा

भंडाऱ्याहून जाणाऱ्याला या बाजाराइतकी सोयीची दुसरी जागा मुंबईत नाही. गाडीतून उतरायचे, स्थानकाबाहेर यायचे आणि उत्तरेला दहा मिनिटे चालायचे. स्थानकाची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची. १८७८ मध्ये काम सुरू होऊन १८८८ मध्ये पुरी झालेली. बाजार तिच्याहून जुना. तो १८६९ चा.

त्या दोन दशकांत मुंबई नव्याने बांधली जात होती, आणि त्या बांधकामामागे कापूस होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा झाला. किल्ल्याची तटबंदी याच दशकात पाडली गेली आणि बाहेरच्या मोकळ्या जागेवर नव्या इमारती उठू लागल्या. युद्ध संपले, भाव कोसळले, कित्येक पेढ्या बुडाल्या, इमारती राहिल्या. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि हिंगणघाटचा, वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर जाऊ लागला. नागपूरच्या पुढे भंडाऱ्याकडे येणारा लोहमार्ग त्यानंतर दीड दशकाने झाला. तेव्हा विदर्भाचा माणूस या बाजारात परका नाही. त्याचे नाते रेल्वेइतके जुने आहे.

बाजार उभारला तो मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात. आराखडा विल्यम इमर्सन यांचा. पुढे कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल त्यांनीच आखले. भिंतींत कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि वसईचा तांबडा दगड. माथ्यावर घड्याळाचा मनोरा. प्रवेशदारांच्या कमानींवर शेतात राबणारी माणसे कोरली आहेत, ती जॉन लॉकवूड किपलिंग यांनी. ते जवळच्याच जे. जे. कला शाळेत शिकवत. लेखक रुडयार्ड किपलिंग हा त्यांचा मुलगा, जन्म १८६५ चा, त्याच आवारातला. १८८२ मध्ये या बाजारात विजेचे दिवे लागले. विजेने उजळलेली ही भारतातली पहिली इमारत मानली जाते.

आज तिचे अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. कमानीवर दगडातले शेतकरी आणि पाटीवर 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याचे नाव, हा मेळ कोणी ठरवून घातला नसेल, पण तो छान बसला आहे. तरी टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे म्हणतात ते क्रॉफर्ड मार्केटच. १९९६ पर्यंत मुंबईच्या घाऊक फळांचा हाच मुख्य बाजार होता, मग तो वाशीला गेला. आता आत फळे आहेत, सुकामेवा आहे, पक्षी-प्राण्यांचे खाद्य आहे, आणि केकवाल्यांना लागणाऱ्या साच्यांची, रंगांची दुकाने आहेत.

खरा घाऊक व्यवहार मात्र इमारतीच्या भोवती पसरलेला आहे. मागे मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केटचे कापड. पलीकडे अब्दुल रहमान स्ट्रीटवर खेळणी, स्टेशनरी, पिशव्या. बाजूला शेख मेमन स्ट्रीटवर जामा मशीद, १८०२ मध्ये पुरी झालेली. ही मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. खालचे पाणी अजून आहे, त्यात मासे आहेत, आणि लोक त्याच्या काठावर बसून वजू करतात. बाहेर हातगाड्यांचा कल्लोळ आणि आत ते थंड पाणी, एवढ्यात पन्नास पावलांचे अंतर.

डायरीतले 'भंडारा'

सेठांची पेढी अब्दुल रहमान स्ट्रीटच्या एका आडगल्लीत, जुन्या लाकडी जिन्याच्या वर. जिना तोच होता. पाटी तीच होती. गल्ल्यावर तिशीचा एक तरुण बसला होता, समोर संगणक, कानात फोन. त्याने विचारले, काय दाखवू? यांनी आधी चिन्नोरची पिशवी पुढे केली.

तरुण पिशवीकडे पाहत राहिला. पुढचे बोलणे अर्थातच हिंदीत झाले. "भंडारावाले?" त्याने विचारले. घरी दर रमजानला त्या तांदळाची खीर व्हायची, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. तांदूळ कोण आणते हे ठाऊक नव्हते. त्याने फोन ठेवला.

देण्याची गोष्ट निघाल्यावर त्याने खणातून एक जुनी डायरी काढली. वडिलांच्या हातची. एका पानावर गावांची नावे होती, एकाखाली एक. त्यात 'भंडारा' होते. कुठल्याच नावापुढे आकडा नव्हता. आकडे सेठांच्या डोक्यात होते आणि ते त्यांच्याबरोबर गेले. गेल्या चार वर्षांत काही गावांहून माणसे आली, आपापले देणे सांगून चुकते करून गेली. त्यांच्या नावांवर रेघ होती. बाकीची नावे तशीच. ज्यांनी येणे टाळले त्यांच्याकडे किती निघतात हे विचारायची सोयच नव्हती.

"आपका कितना था?" त्याने विचारले.

दोन्ही बाजूंनी विचार केला तर हा फार अवघड प्रश्न आहे. विचारणाऱ्याला समोरचा सांगेल तो आकडा मान्य करायचा आहे. सांगणाऱ्याने अकरा म्हटले असते तरी ते खरेच ठरले असते. रात्री गाडीत घातलेला वीस आणि अकराचा हिशेब अजून ताजा होता. त्यांनी सांगितले, "इकतीस हजार." आणि पाकीट ठेवले.

तरुणाने नोटा दोनदा मोजल्या. डायरीत भंडाऱ्यापुढे ३१,००० लिहिले, तारीख घातली, रेघ मारली, आणि खाली सही करून डायरी यांच्यापुढे सहीला सरकवली. एक नोटही परत केली नाही, आणि यांनाही तशी अपेक्षा नव्हती. मग त्याने चौकशी केली: टाळेबंदीत दुकान कसे तगले, घरी कोण कोण आहे. वडील शेवटच्या आठवड्यात कसे होते हेही सांगितले. थोडा वेळ दोघेही गप्प बसले. खालून हातगाडीवाल्याची हाक आली आणि धंदा सुरू झाला.

क्रॉफर्डसाहेबांची उधारी

या बाजाराच्या नावातच उधारीची एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे. आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये मुंबईचे कमिशनर झाले. त्यांनी शहराला पुष्कळ काही दिले, पण हात सैल होता. पालिकेचा खर्च एवढा वाढला की करदात्यांनी आंदोलन उभारले आणि १८७१ मध्ये क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले. पुढे ते पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर झाले. १८८८ मध्ये त्यांच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. मामलेदारांच्या नेमणुका आणि बदल्यांसाठी पैसे घेतले जातात, असा बोभाटा होता. ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याचे कबूल केले त्यांची बाजू टिळकांनी उचलून धरली. चौकशी आयोगाने लाचेचा आरोप मान्य केला नाही. पण आपल्या अधिकाराखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याचे सिद्ध झाले, आणि साहेबांची नोकरी गेली.

म्हणजे ज्यांचे नाव या बाजाराला दीडशे वर्षे चिकटले, त्यांना कर्जानेच घरी पाठवले. त्यांना कर्ज देणारी माणसे त्यांच्या हाताखालची होती. पैसे परत मागायची त्यांची छाती नव्हती. मागता येत नाही अशा माणसाचे पैसे अडकवून ठेवणे, हा त्यातला खरा दोष. सेठ गेल्यावर त्यांच्या पोरालाही मागता येत नव्हते, कारण त्याला आकडाच ठाऊक नव्हता.

लिहून घ्या

मालाची निवड सुरू झाली. टोप्या तीन प्रकारच्या, अत्तर छोट्या बाटल्यांत, मुलींच्या बांगड्या, जानमाज. होळीच्या पिचकाऱ्या त्याच गल्लीत पुढच्या दुकानात. दर ठरवताना तरुणाने वडिलांपेक्षा जास्त ताणून धरले. पाच वर्षांत भाव वाढले होते, आणि देणे चुकवले म्हणून एक रुपया कमी होईना. यांनीही सोडले नाही. तासभर घासाघीस झाली. एकूण माल ६२ हजारांचा झाला, खिशात ४० होते. यांनी टोप्यांचे दोन डझन आणि निम्म्या पिचकाऱ्या बाजूला काढायला सुरुवात केली.

"रहने दो," तरुण म्हणाला. "बाईस ईद के बाद." मग त्याने संगणकावर बिल काढले, त्यावर बाकी २२,००० लिहिले, परतफेडीची तारीख घातली, आणि गल्लीतल्या चहावाल्याला साक्षीदार म्हणून सहीला बोलावले. रोजा असल्याने चहा कोणीच मागवला नाही. तो फक्त सहीला आला.

यांना क्षणभर लागले. वीस वर्षांत सेठांनी कधी सही मागितली नव्हती. तरुणाच्या ते लक्षात आले असावे. त्याने कुरआनाची आठवण दिली. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दलही नाही. ती उधारीच्या लिखापढीबद्दल आहे. मुदतीचे देणे-घेणे असेल तर ते लिहावे, लिहिणाऱ्याने खरे लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नये, असा तिचा आशय. पुढच्याच आयतीत प्रवासात लिहिणारा मिळाला नाही तर काय करायचे ते आहे; आणि एकमेकांवर भरवसा ठेवून दिले असेल, तर ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याने अमानत परत करावी, असेही आहे.

सेठ त्या दुसऱ्या आयतीप्रमाणे वागले. पोरगा पहिलीप्रमाणे वागू पाहतो आहे. त्याच्या डायरीतली कोरी राहिलेली गावे पाहिली की त्याला दोष देता येत नाही. कागद केला म्हणजे विश्वास नाही, असे आपल्याकडे अजून मानले जाते. भाऊ भावाला पैसे देतो, मित्र मित्राला देतो, आणि लिहून ठेवायला दोघांनाही संकोच वाटतो. मग एक जण अचानक जातो, आणि मागे राहिलेल्यांना खरे काय ते कोणीच सांगू शकत नाही. लिहिलेला आकडा देणाऱ्याला जपतो, तसा घेणाऱ्यालाही जपतो. रात्रीच्या गाडीत वीस की एकतीस, हा प्रश्न त्याला पडत नाही.

यांनी सही केली.

साडेसहा ते सात

दुपारची जोहरची नमाज जामा मशिदीत झाली. मग मंगलदास मार्केटमधून गुरुजींच्या गुढीसाठी जरीकाठाचे केशरी कापड, आणि मंडईच्या इमारतीतून केकचे साचे. जड माल ट्रान्सपोर्टला टाकला. तो आठवडाभराने येणार. पिचकाऱ्या तेवढे थांबू शकत नव्हत्या, त्या गोण्यांत भरून सोबत घेतल्या.

रमजानमधली मुंबई बघायला लोक येतात ती रात्रीची. खिलाफत चळवळीतले नेते मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या नावाचा मोहम्मद अली रोड, मीनारा मशिदीजवळची रोषणाई, मालपुवे, फिरनी, पहाटेपर्यंतची गर्दी, सगळ्या जातीधर्माचे खवय्ये. विदर्भाच्या व्यापाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याची गाडी सातच्या सुमारास सुटते. त्याला दिसते ती तयारी: चार वाजता रिकाम्या कढया घासणारी पोरे, ओळीने मांडलेल्या फिरनीच्या मातीच्या वाट्या, रस्त्यावर आडव्या टाकलेल्या बाकड्या.

एक गोष्ट मात्र त्याला नेमकी कळते. सूर्य भंडाऱ्यात आधी मावळतो. मुंबई बरीच पश्चिमेला असल्याने तिथला रोजा सुमारे पंचवीस मिनिटे उशिरा सुटतो. घरून फोन आला तेव्हा तिकडे अजान होऊन गेली होती, ताटे पुढे आली होती, आणि हे स्थानकाच्या फलाटावर गोण्यांवर बसून घड्याळ पाहत होते. निघताना सेठांच्या पोराने खजुराचे पाकीट आणि पाण्याची बाटली हातात दिली होती. पावणेसातला रोजा सुटला, सात वाजता गाडी. पिचकाऱ्यांच्या गोण्या डब्यात चढवायला दोन अनोळखी पोरांनी हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वरठी. दुपारपर्यंत दुकानासमोर दोरीवर पिचकाऱ्या लटकल्या आणि शाळा सुटल्यावर पोरांचा गराडा पडला. केकवाल्या सुनेने साचे उलटसुलट करून पाहिले. गुरुजींनी कापड उन्हात धरून जर खरी आहे का ते तपासले, आणि पैसे तिथेच मोजून दिले.

रात्री तरावीहनंतर जकातीचा कागद पुन्हा निघाला. देण्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले: मुंबई, २२ हजार. बायकोने वाचले आणि वर पाहिले. पुन्हा मुंबई?

त्यांनी गल्ल्यातून घडी केलेले बिल काढून तिच्यापुढे ठेवले. त्यावर रक्कम होती, तारीख होती, तीन सह्या होत्या. तिने तारीख वाचली, कॅलेंडरवर त्या चौकटीभोवती पेनाने गोल केला, आणि बिल आपल्याजवळ ठेवून घेतले.